टीएनएफ अडवायचा, पण कधी?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, टीएनएफ, म्हणजे जंतुसंसर्गात शरीर स्वतःच सोडतं ते दाह पेटवणारं प्रथिन, अडवलं की उंदीर वाचतो, मग तुझ्या आयसीयूतले सेप्सिसचे, संसर्गाने अवयव निकामी होत चाललेले पेशंट का नाही वाचत?" राउंडची वेळ झाली होती, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं.

1985 सालचा ब्यूटलर, मिल्सार्क आणि सेरामी यांचा पेपर पुन्हा काढ. त्यांनी उंदरांना टीएनएफविरुद्धचं सीरम टोचलं, मग मारक मात्रेत एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, दिलं, आणि बरेच उंदीर तगले. पण सीरमचा सगळ्यात जास्त गुण आला तो ते आधी दिलं तेव्हा. एंडोटॉक्सिन दिल्यावर उंदराच्या रक्तातला टीएनएफ तास-दीड तासात शिगेला पोचतो आणि ओसरू लागतो. तोवर त्याने दाह पुढे नेणाऱ्या इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6 या प्रथिनांना जागं केलेलं असतं. माझ्याकडे पेशंट येतो तो त्यानंतर बऱ्याच उशिरा: बीपी पडलेलं, हातपाय गार, गुडघ्यांवर जांभळट जाळी. तेव्हा टीएनएफ अडवणं म्हणजे वरात निघून गेल्यावर दार लावणं.

दुसरं असं, की एंडोटॉक्सिन वाढत नाही, जिवाणू वाढतात. 1993 मध्ये टीएनएफचा पी-55 रिसेप्टर, म्हणजे टीएनएफचा निरोप पेशीत घेणारा रेणू, नसलेले उंदीर तयार केले गेले. गॅलॅक्टोसामिन देऊन यकृत हळवं केल्यावर साधे उंदीर एंडोटॉक्सिनच्या किंचित मात्रेनेही मरतात. हे रिसेप्टर नसलेले मात्र जगले. त्याच उंदरांना लिस्टेरिया या जिवंत जिवाणूची लागण केली, तर ते टिकले नाहीत; वाढत्या जिवाणूंना आवरायला टीएनएफ लागतोच. म्हणून टीएनएफला खलनायक ठरवणारी भाषा मला पटत नाही, तुझ्या प्रबंधातही नको.

सेप्सिसमध्ये टीएनएफविरोधी औषधांनी निराशा केली. संधिवातात मात्र आखडलेली बोटं त्यांनी मोकळी केली. तरी ती सुरू करण्याआधी आम्ही सुप्त क्षय आहे का ते तपासतोच, कारण क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवायला हाच टीएनएफ लागतो. आपल्याकडे तर ही तपासणी चुकवून चालतच नाही.

अंगावरचे केस पिंजारलेला, पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसलेला उंदीर दिसला, की एथिक्स कमिटीने ठरवलेल्या टप्प्यावर थांब. एका जास्तीच्या नोंदीसाठी त्याचे हाल करू नकोस.

आणि गाइडशी बोलून बघ, टीएनएफविरुद्धची अँटिबॉडी एंडोटॉक्सिननंतर दोन तासांनी दिलेला एक गट ठेवता येईल का. त्याचे आकडे आले की मला आधी पाठव.

तुझी,
आई