लिम्फोमा आणि जनुके : ‘ठरवतात’ म्हणण्याची घाई नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘लिम्फोमाच्या रुग्णाचे आयुष्य जनुके ठरवतात’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) कर्करोग. विषय महत्त्वाचा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु मथळ्यातले ‘ठरवतात’ हे क्रियापद खटकले. माझी थोरली बहीण याच आजाराच्या उपचारांतून गेलेली असल्याने असा एखादा शब्द रुग्णाच्या मनात किती दिवस घर करून राहतो, हे मी जवळून पाहिले आहे.

लेखात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमाच्या गाठीतील पेशींत नवव्या गुणसूत्राच्या एका भागाच्या जास्तीच्या प्रती आढळतात आणि त्यामुळे त्या पेशी प्रतिकारपेशींना रोखून धरणारे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतात. हा बदल फक्त गाठीत घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. लेखाचा मूळ विषय मात्र जन्मतः मिळालेल्या, शरीरातल्या प्रत्येक पेशीत असणाऱ्या जनुकीय भेदांचा होता. पहिला बदल बायोप्सीत शोधावा लागतो, दुसरा साध्या रक्ततपासणीतही कळतो. त्यांचे अर्थही निरनिराळे.

जन्मजात भेदांचे सर्वांत बोलके उदाहरण रिटक्सिमॅब या औषधाशी निगडित आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे प्रतिपिंड बी पेशींवरील (ज्या पांढऱ्या रक्तपेशींपासून अनेक लिम्फोमा उद्भवतात) सीडी २० या प्रथिनाला चिकटते आणि त्याचे दुसरे टोक नैसर्गिक मारक पेशींवरील एका ग्राहीत (रिसेप्टरमध्ये) अडकले, की त्या पेशी गाठीवर हल्ला चढवतात. या ग्राहीच्या जनुकातील (एफसीजीआर३ए) भेदामुळे ग्राहीच्या १५८ व्या स्थानी काहींना व्हॅलिन हे अमिनो आम्ल मिळते, काहींना फेनिलॲलनिन. व्हॅलिन असेल तर पकड घट्ट बसते. फॉलिक्युलर या हळू वाढणाऱ्या लिम्फोमाच्या ४९ रुग्णांना केवळ रिटक्सिमॅब दिल्यानंतरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेल्या सर्व रुग्णांना दोन महिन्यांनी गुण आला होता, तर इतरांत हे प्रमाण ६७ टक्के होते. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत खरे, पण दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेले रुग्ण या अभ्यासात एक पंचमांश, म्हणजे जेमतेम दहा होते.

पुढे काय झाले, ते लेखात आलेच नाही. रिटक्सिमॅब केमोथेरपीच्या जोडीने देण्याचा प्रघात पडल्यावर ‘प्रायमा’ या मोठ्या चाचणीतील रुग्णांची हीच जनुके तपासण्यात आली, तेव्हा त्या भेदाचा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ पहिला अभ्यास खोटा होता, असा मुळीच नाही. केमोथेरपी पेशी मारण्याचे काम वेगळ्या वाटेने करत असल्याने ग्राहीची पकड सैल की घट्ट, याला तितके महत्त्व उरत नसावे. जनुकाचे वजन सोबतच्या उपचारावर अवलंबून असते, ही मला या साऱ्या संशोधनातली सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. इंटरल्युकिन १० या प्रतिकारपेशींच्या संदेशवाहक प्रथिनाच्या जनुकातील भेद आणि आयुर्मान यांच्या संबंधाबाबतही एका रुग्णगटातील निष्कर्ष दुसऱ्या गटात टिकलेला नाही, असे घडले आहे.

आक्रमक लिम्फोमात डॉक्टर आजही आजाराच्या वाटचालीचा अंदाज देणाऱ्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकाचा आधार घेतात. त्यात वय, आजाराचा टप्पा, रक्तातील एलडीएच या विकराचे प्रमाण, रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता आणि लसिकाग्रंथींबाहेर झालेला प्रसार या पाच बाबी मोजल्या जातात. जन्मजात जनुकांचा त्यात समावेश नाही. असाच एक लेख वाचून बहिणीने ‘माझी जनुके तपासायची का?’ असे विचारले होते. डॉक्टरांनी उलट विचारले, ‘अहवाल काहीही आला, तरी उपचार हेच राहणार आहेत, मग तपासून काय करायचे?’

यापुढे अशा संशोधनाची बातमी देताना रुग्ण किती होते, त्यांना कोणते उपचार मिळाले आणि तोच निष्कर्ष दुसऱ्या रुग्णगटातही आढळला का, एवढे तरी कृपया छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक