चित्राला न्हाई ताई, ब्रशला

पेंटरकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, ही चूक माझी. पंचगंगा घाटावरच्या चहावाल्याने तुम्हाला "पेंटर" अशी हाक मारली, तेवढीच खूण माझ्याजवळ आहे. कोल्हापुरात ही हाक मानाची असते. चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव मेस्त्रींना या गावाने बाबूराव पेंटर म्हटलं आणि तेच नाव कायम राहिलं. तेव्हा याच नावाने लिहिते. कुणी ओळखीचं वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल, एवढ्या भरवशावर.

त्या रविवारी सकाळी मी पायरीवर बसून घाटावरची देवळं रंगवत होते. दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला की चिखल अंगावर घेऊन पुन्हा वर येतात, ती काळ्या दगडाची लहान देवळं. हातात आठ नंबरचा सेबल ब्रश होता, बोनसच्या पैशातून घेतलेला. आदल्या रात्री तो पाण्याच्या ग्लासात तसाच उभा राहिला आणि सकाळी बघते तर टोक आकड्यासारखं वाकलेलं. दीपमाळेची कड काही केल्या सरळ येईना. रडू यायचं बाकी होतं.

तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "हात लावू काय?"

माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एका क्लासला जात होते. शाळेत इंटरमिजिएट दिल्यावर सुटलेला ब्रश पन्नाशीत पुन्हा हातात घेतला होता. रंकाळ्याचं चित्र करत होते. सर मागून आले, माझ्या हातातून ब्रश काढून घेतला, "सरका जरा" म्हणाले आणि पाच मिनिटांत माझ्या कागदावर त्यांचं आभाळ रंगवून मोकळे झाले. आभाळ सुंदर होतं, त्यात वाद नाही. कसं केलं विचारलं तर म्हणाले, "ते हातात असावं लागतं." घरच्यांनी कौतुकाने ते चित्र फ्रेम केलं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आभाळ काय सुरेख जमलंय! मी हो म्हणायची. एक दिवस फ्रेम उतरवली आणि कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. क्लास सोडला. तेव्हापासून मागे कुणी उभं राहिलं की मी कागदावर हात आडवा धरते.

तरी तुमचं वय बघून नाही म्हणवेना. मी बोर्ड तुमच्यापुढे केला. तुम्ही दोन्ही हात मागे घेतलेत आणि म्हणालात, "चित्राला न्हाई ताई. ब्रशला."

काका, पुढचं सगळं बाजूला ठेवलं तरी या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

चहावाल्याकडून तुम्ही कपभर गरम पाणी आणलंत. ब्रशचे केस तेवढे बुडवलेत, केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या खाली. "पत्र्यात पानी गेलं की आतला गोंद सुटतोय," हे सांगायला विसरला नाहीत. खिशातून अंगाच्या साबणाचा चुरा झालेला तुकडा काढलात, त्याचा फेस केसांना चोळलात आणि अंगठा नि दोन बोटांत टोक असं ओढलंत, जसं आई लेकराच्या वेणीचं शेवटचं टोक वळते. वर कागदाची पट्टी गुंडाळून दिलीत. उद्यापर्यंत सोडू नका म्हणालात. सोमवारी संध्याकाळी पट्टी काढली. टोक सुईसारखं.

तोवर माझ्याकडचा सहा नंबरचा साधा ब्रश घेऊन तुम्ही शेजारी बसलात. माझी काळी ट्यूब बघून म्हणालात, "काळा घातला की दगड मरतोय बघा." एका चिठोऱ्यावर, माझ्या चित्राला धक्का न लावता, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करून दाखवलंत. निळा जास्त झाला की सावलीतला दगड, तांबूस जास्त झाला की उन्हातला. दोनदा तुम्ही केलंत आणि तिसऱ्यांदा ब्रश माझ्या हातात दिलात, दांड्याकडची बाजू माझ्याकडे करून. दीपमाळ मी रंगवली. थोडी वाकडी आहे. पण माझी आहे.

सिनेमाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर असं आयुष्यभर रंगवलंत, आणि फ्लेक्स आल्यावर काम बसलं, हे तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलंत. कुणाबद्दल कडू शब्द नाही. आबालाल रहिमान ज्या गावात कोटितीर्थाच्या काठावर चित्रं करत बसायचे, त्या गावात तुमच्यासारखा हात रिकामा बसतो, याचं मला फार वाईट वाटलं. काम गेलेल्या माणसाला समोर कोरा कागद आणि ओले रंग दिसले, तर हात शिवशिवणार नाही का? तुम्ही तो आवरलात. सुई टोचण्याआधी "टोचते हं" म्हणणारी नर्स, माप घेताना आधी विचारणारा टेलर, अशी माणसं भेटली की मला दिवसभर बरं वाटतं. तुमच्या भेटीला तीन आठवडे झाले, अजून बरं वाटतंय.

परवा चित्र करताना शेजारची मुलगी मागे येऊन उभी राहिली. हात आडवा धरला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तुमचा तो चिठोरा मी वहीत जपून ठेवलाय. सावलीतला दगड, उन्हातला दगड, आणि कडेला साबणाच्या पाण्याचा एक डाग. खाली सही तेवढी नाही. दर रविवारी सात ते नऊ मी त्याच पायरीवर असते. एकदा येऊन सही करून जा. चहा माझ्याकडून.

तुमची,
घाटावरची ताई