वायरमनसाठी ऑनलाईन उजळणी वर्ग हवेत

महोदय,

अठरा वर्षे मी डिचोली तालुक्यात परवानाधारक वायरमन म्हणून काम करतो. परवाना मिळाला तेव्हा घरात दिवे, पंखे आणि विहिरीवरचा पंप एवढेच असायचे. आज छपरावर सौर पॅनेल आणि अंगणात गाडीचा चार्जर आहे. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत डीसी वीज जिवंत असते. हे मला एका सहकाऱ्याने सांगितले, कुठल्या वर्गात शिकवले नाही. २०१० चे केंद्रीय विद्युत सुरक्षा नियम जाऊन २०२३ चे आले, तेही आम्ही एकमेकांना विचारूनच समजून घेतले.

परवान्याच्या नूतनीकरणाला जोडून मराठी-कोकणीतून ऑनलाईन वर्ग सुरू करावेत. दिवसाची मजुरी बुडवून पणजीला जाणे परवडत नाही. रात्री आठनंतर मोबाईलवर शिकता येईल. चतुर्थीच्या आधीचा महिना मात्र सोडावा, तेव्हा आम्हाला उसंत नसते. अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, मोजायला मात्र पडद्यावर शिकता येणार नाही. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध किती चढतो, ते मीटर हातात धरूनच कळते. त्यासाठी जवळच्या आयटीआयमध्ये एक रविवार द्यावा. आम्ही नक्की येऊ.

— एक वायरमन, डिचोली