लेहला निघालेल्या निखिलला

सातारा, आषाढ

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, "आई, सगळं जग लडाखला जातंय, तू काय घेऊन बसलीस," आणि फोन ठेवलास. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले. शिंदेकाका रविवारी पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर मेतकूट, लसणाची चटणी आणि हे पत्र देते. जाऊ नकोस असं मी लिहिणार नाही. बाबा फौजेत असताना जिथं जिथं राहिले ते तुला बघावंसं वाटतंय, याचा मला आनंदच आहे. नमूला, आक्कांना, सगळ्यांना सांगून झालंय माझं.

फक्त पहिले दोन दिवस लेहमध्ये पडून राहा. बाकी काही सांगायचं नाही.

पुणं दोन हजार फुटांच्या आत आणि लेह साडेअकरा हजारांवर. सकाळी विमानात बसलेला माणूस दुपारी तिथं जेवायला. पलटणीत असं चालत नव्हतं रे. बेळगावला पाठीवर पिठ्ठू घेऊन मैलोन्‌मैल पळालेली विशीतली पोरं, पण त्यांनाही आधी सहा दिवस खाली थांबवायचे. मग थोडं वर नेऊन चार दिवस. मग पंधरा हजारांच्या वर जायच्या आधी आणखी चार. त्यातले पहिले दोन दिवस तर नुसता आराम. बाबांनी पत्रात लिहिलं होतं, "सध्या सरकार मला झोपायचा पगार देतंय, आईला सांगू नको, ती म्हणेल घरी पण हेच करायचा."

त्यांची पत्रं यायची ती द्वारा 56 एपीओ, म्हणजे लष्कराच्या पोस्टातून. माणूस कुठं आहे ते कळायचं नाही, आहे एवढं कळायचं. आणि प्रत्येक पत्रात एक तरी गंमत. सियाचीनला असताना लिहिलं होतं, "आज अंडं हातोडीनं फोडून खाल्लं. सुगरणीच्या हातचं नाही, लोहाराच्या हातचं." तुझी आजी ते पत्र पुन्हापुन्हा वाचून घ्यायची आणि डोळ्यांना पदर लावून हसायची. वीस हजार फुटांवरची ठाणी, उणे चाळीसच्या खालची थंडी, हे आम्हाला पुढं टीव्हीवर कळलं. त्यांनी फक्त अंडं सांगितलं.

झेलम एक्सप्रेसनं पुणे ते जम्मू, दोन रात्री, काळ्या ट्रंकेवर बसून. कुणी विचारलं ट्रंकेत काय आहे, तर म्हणायचे, "बायकोचा राग आहे, उघडू नका." जम्मूपर्यंत अख्खा डबा त्यांचा झालेला असायचा. जिथं जातील तिथल्या भाषेत "जेवलात का" हे आधी शिकायचे. 1988 साली श्रीलंकेत जाफन्यात होते तेव्हा तमिळमधलं शिकून आले. तुला आठवतं ना, पाचगणीच्या घाटात गाडी बंद पडलेलं ते मदुराईचं कुटुंब? बाबांनी "साप्पिट्टींगळा?" विचारलं आणि रात्री सात माणसं आपल्याकडं पिठलं-भाकरीला. भाकरी थापून माझे हात दुखले, पण त्या म्हातारीनं निघताना बाबांच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला फार बरं वाटलं.

कुठं होते मी? हां, दोन दिवस आराम.

तू म्हणतोस तुला आता काही होत नाही, जिमला जातोस, सिंहगड चढतोस. चढतोस बाबा, मला माहीत आहे. पण लहानपणी तुला बाळदमा होता. 1999 चा जून तुला आठवणार नाही, चार वर्षांचा होतास. बाबा तिकडंच, कारगिलच्या युद्धात, द्रासच्या बाजूला. पत्र नाही, एसटीडीवर फोन नाही, रोज संध्याकाळी बातम्यांत तेच डोंगर. आणि एका रात्री तुझी छाती वाजायला लागली. ओठ निळसर. मुसळधार पाऊस, रिक्षा नाही. शिंदेकाकांच्या लुनावर तुला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. पहाटे तुझा श्वास सुरळीत झाला तसा माझाही झाला. बाबांना यातलं काही लिहिलं नाही. तिकडं त्यांनी अंडं सांगावं, इकडं मी पाऊस चांगला झाला असं लिहावं. तसाच संसार केला आम्ही.

युद्ध संपल्यावर सुट्टीवर आले तर अख्खी आळी ओसरीवर. त्यांनी काय सांगावं? खेचराची गोष्ट. पलटणीच्या खेचराच्या खुरावर नंबर असतो, त्याची हजेरी असते, आणि "माझ्याआधी त्याची सुट्टी मंजूर झाली, कारण त्यानं अर्ज करताना साहेबाला लाथ मारली." लोक हसून लोळले. रात्री मी बघितलं, पाण्याची बाटली पांघरुणात घेऊन झोपलेले. गोठू नये म्हणून. साताऱ्यात, ऑगस्टमध्ये. मी बाटली काढली नाही. पुढं पंधरा-वीस दिवसांनी त्यांचं त्यांनीच बंद केलं.

म्हणून सांगते, ते हसत हसत सांगायचे त्यातलं ऐकायचं काय ते ऐक. तिकडच्या रस्त्यांवरच्या पाटीचं ते नेहमी सांगायचे, लामांच्या मुलुखात गामा बनू नका, म्हणजे पैलवानकी दाखवू नका. डोकं दुखलं तर गोळी घेऊन वर जायचं नाही, तिथंच थांबायचं. कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, रात्री झोपल्यावर जास्त, असं झालं की छातीत पाणी भरतंय समजायचं आणि ताबडतोब खाली उतरायचं. सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही. ग्रुपमधले हसले तर हसू देत. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का ते आपल्या डॉक्टरांना विचार, मोबाईलवर वाचून घेऊ नकोस. दारू तर नकोच. खारदुंगला खिंड साडेसतरा हजार फूट आहे, फोटो काढून लगेच उतरा, तिथं चहा-मॅगी करत तासभर बसू नका. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांवर, एवढं लक्षात ठेव.

बघ, लिहिणार नव्हते आणि पानभर लिहिलं. रागावू नकोस. तीस वर्षांचा मुलगा तू, टीम सांभाळतोस, आणि आई तुला झोपायचं कसं ते शिकवतेय. बाबा असते तर दोघांना मिळून असं काही बोलले असते की आपण भांडण विसरलो असतो. मला तसं बोलता येत नाही. मी सरळ काळजीच करते.

एक काम मात्र कर. पँगाँग तळ्याच्या काठी, 14,300 फुटांवर, महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभारलाय. 26 डिसेंबर 2024 ला अनावरण झालं. बाबा कार्तिकात गेले. महिना-दीड महिना आणखी मिळाला असता तर पेपरातला तो फोटो कापून त्यांनी भिंतीवर लावला असता आणि येईल त्याला सांगितलं असतं की महाराज आमच्यानंतर पोचले. तू तिथं उभा राहा आणि त्यांच्या पलटणीची घोषणा दे, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" अगदी मोठ्यानं, ते द्यायचे तशी. नको, मोठ्यानं नको, दम लागेल. मनातल्या मनात दे. त्यांना तशीही ऐकू जाईल.

वर्षश्राद्धाच्या आधी पंधरा दिवस तरी इकडं ये, गुरुजींशी बोलायचंय.

आणि तुझं प्रीपेड कार्ड लडाखात चालत नाही, शिंदेकाकांच्या जावयाला तिकडं गेल्यावर कळलं. आत्ताच पोस्टपेड करून घे. रोज रात्री एक फोन, रेंज मिळेल तिथून. इन्हेलर खिशात ठेव, बॅगेत टाकून विमानात सामानाबरोबर देऊ नकोस.

तुझी आई