चांदाची गाणी मुखड्यावर संपत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या हिंदी सिनेमातल्या चांदावरच्या गाण्यांबद्दलचा लेख वाचला. गाणी सगळी लाडकीच आहेत त्यामुळे वाचायला मजा आली, पण त्यात म्हटलंय की ही गाणी म्हणजे शेवटी हिरोइनच्या चेहऱ्याचं कौतुक, आणि चांद ही त्यासाठीची ठरलेली उपमा. हे मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय, पत्र जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

चेहऱ्याची उपमा आहेच, ते कोण नाकारतंय. 'चौदहवीं का चांद हो' (१९६०) घ्या, रफीसाहेबांचा आवाज, रवीचं संगीत, समोर वहीदा रेहमान, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आणि हे गाणं मात्र रंगीत. पण तिथेसुद्धा गीतकार शकील बदायुनी एका उपमेवर थांबत नाहीत, तू चांद आहेस की सूर्य असं विचारतात आणि मग जे काय असशील ते असशील, लाजवाब आहेस म्हणून मोकळे होतात. म्हणजे चेहऱ्यावरच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातही चांद पुरेसा पडलेला नाहीये.

आणि बाकीच्या कितीतरी गाण्यांत तर चांद चेहरा नसतोच, तो माणूस असतो. तिथे हजर असलेला तिसरा माणूस! 'आवारा' (१९५१) मधलं 'दम भर जो उधर मुंह फेरे' आठवा. लताबाईंच्या आवाजात ती चांदाला विनवतेय की बाबा रे, क्षणभर तिकडे तोंड फिरव, मला याच्याशी हजार गोष्टी बोलायच्यात. चांद इथे टक लावून बघणारा शेजारी झालाय. आणि मग मुकेश सुरू होतो तेव्हा त्याच्या ओळीत चांद म्हणजे तीच, आणि तो म्हणतो जरा इकडे बघ ना, नजर तर मिळू दे. एकाच गाण्यात तिचा चांद वेगळा, त्याचा वेगळा. शैलेंद्रने हे इतकं सहज लिहिलंय की वर्षानुवर्षं गुणगुणूनही लक्षात येत नाही.

शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी करायचा, त्या काळचा दुसरा गीतकार हसरत जयपुरी बस कंडक्टर होता. मुंबईतली नोकरदार माणसं ही, दाटीवाटीत राहणाऱ्यांना दोन मिनिटं एकांत मिळणं किती अवघड असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मला कायम वाटतं की त्यांच्या गाण्यात चांदाला अडवणं, विनवणं, त्याच्यावर चिडणं जे येतं ना, ते तिथून येतं.

'बंदिनी' (१९६३) मधलं 'मोरा गोरा अंग लइ ले' तर याची कमालच आहे. गुलजारांचं हे सुरुवातीचं गाणं, त्या सिनेमातली बाकीची गाणी शैलेंद्रची. गुलजारांनीच सांगितलेला किस्सा आहे, दिग्दर्शक बिमल रॉय म्हणत होते नायिका कल्याणी असं घराबाहेर जाऊन गाणार नाही आणि संगीतकार सचिनदा (एस. डी. बर्मन) हटून बसले की वडिलांसमोर घरात बसून ती असलं गाणं कसं म्हणेल, तिला बाहेर काढा. ती बाहेर आली आणि म्हणून तर चांदाचं काम निघालं. अंधारात लपून जायचंय, गोऱ्या रंगामुळे लपता येत नाही, तर माझा गोरा रंग घे आणि मला सावळं कर अशी तिची मागणी, आणि तेवढ्यात हा चांद ढग बाजूला सारून डोकावतो. मग ती त्याला चक्क शाप देते, तुला राहू लागो म्हणून. नूतनचा त्या वेळचा चेहरा बघा, लाज आहे, राग आहे आणि हसूही आहे. इथे चांद कुणाच्या चेहऱ्यासारखा आहे सांगा बरं? इथे तो चहाडखोर आहे, तिला उघडं पाडणारा.

'दिल एक मंदिर' (१९६३) मध्ये तोच चांद घड्याळ होतो. सकाळी नवऱ्याचं ऑपरेशन, वाचेल की नाही माहीत नाही आणि मीनाकुमारी 'रुक जा रात ठहर जा रे चंदा' म्हणत रात्रीला आणि चांदाला थांबवतेय. हेही शैलेंद्रचंच. आणि 'जाल' (१९५२) मधलं हेमंतकुमारचं 'ये रात ये चांदनी फिर कहां', ते तर आपण रोमँटिक म्हणून ऐकतो, पण सिनेमात देव आनंद स्मगलर आहे आणि ते चांदणं गीता बालीला ओढून आणायचं आमिष आहे. साहिरने गोड शब्दांत सापळा लावलाय. 'नवरंग' (१९५९) चं 'आधा है चंद्रमा' तर सगळं अर्ध्याचंच गाणं, चंद्र अर्धा, रात्र अर्धी, बोलणंही अर्ध्यावर राहिलेलं, पौर्णिमेचा पत्ताच नाही.

चांदावर माणूस उतरला आणि गाण्यातली मजा गेली असंही बरेच जण म्हणतात. 'पाकीजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये गेले, म्हणजे 'चलो दिलदार चलो' ची चाल त्याच्या आधीची, माणूस चांदावर उतरला जुलै १९६९ मध्ये, आणि सिनेमा लागला १९७२ मध्ये. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की चांदावर दगडमाती आहे. तरी लोक त्या दोघांबरोबर चांदाच्या पार जायला तयार झालेच ना?

आता माझी खरी तक्रार. हे जे सगळं मी वर लिहिलं त्यातलं बरंचसं अंतऱ्यात, म्हणजे गाण्याच्या कडव्यांत आहे किंवा सिनेमातल्या प्रसंगात आहे, मुखड्यात, म्हणजे सुरुवातीच्या ओळींत नाही. आणि हल्ली कोजागिरीच्या कार्यक्रमात बघावं तर मुखड्यांची मेडली, एक ओळ याची, एक ओळ त्याची, लोक टाळ्या वाजवतात आणि पुढचं गाणं. रील्समध्ये तर तेवढंही नाही. मग नव्या मुलांना सगळी चांदगाणी एकसारखी वाटली तर त्यांना दोष कसा द्यायचा? निवेदक गायकाचं नाव सांगतो, हिरोचं सांगतो, फार तर संगीतकाराचं, आणि ज्याने चांदाला शेजारी केला, चहाडखोर केला, घड्याळ केला त्या गीतकाराचं नाव कुणी घेतच नाही. याचा मला खरंच त्रास होतो.

म्हणून आयोजकांना विनंती की दहा गाणी कमी करा पण जी घ्याल ती सगळ्या अंतऱ्यांसकट घ्या, आणि प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचं नाव आणि सिनेमातला प्रसंग दोन वाक्यांत सांगा. आणि आपल्याला विनंती की कोजागिरीच्या पुरवणीत गाण्यांची नुसती यादी न छापता एकाच गाण्यावर पान द्या, ते कुणी लिहिलं, कुणासाठी, कुठल्या प्रसंगात आणि त्यात चांद नेमका काय करतोय. सुरुवात 'बंदिनी'पासून केलीत तर मला फार आनंद होईल.

आपली,
एक नियमित वाचक