खर्च एका खात्याचा, फायदा दुसऱ्या खात्याचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मधे तुमच्या पेपरात पर्यावरणाच्या राष्ट्रीय आराखड्यांवर लेख आले होते, ते वाचले, चांगले होते, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. सगळा हिशोब किती टन कार्बन, किती झाडं, किती मेगावॉट असा. माणसं किती आजारी पडली, किती वाचली, हे कुठेच नाही. आणि हा दोष तुमच्या लेखकांचा नाहीये, मूळ आराखडेच तसे असतात. बऱ्याच देशांत पर्यावरणाचा प्लॅन एक मंत्रालय करतं, आरोग्याचा दुसरं, म्हणजे एकाच घरात दोन चुली, आणि मग दोन्ही रिपोर्टच्या प्रस्तावनेत 'समन्वय' हा शब्द टाकला की काम झालं.

माझ्या मते खरं अडतं ते पैशात. वीज केंद्राच्या चिमणीवर यंत्रणा बसवायची तर खर्च ऊर्जा खात्याचा, जुन्या बस काढायच्या तर खर्च वाहतूक खात्याचा. फायदा मात्र काही वर्षांनी दवाखान्यात दिसणार, तोही न आलेल्या पेशंटच्या रूपात, आणि न आलेला पेशंट कुठल्याच रजिस्टरमधे लिहिला जात नाही. मग आज खर्च करणाऱ्या मंत्र्याला दाखवायला काय मिळणार?

हा हिशोब एकत्र मांडला की चित्र किती बदलतं बघा. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेनं 2011 मधे एक अहवाल काढला होता, 1990 साली स्वच्छ हवेच्या कायद्यात ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांचा. अंदाज असा होता की 2020 साली त्यांचा वर्षाचा खर्च साधारण 65 अब्ज डॉलर असेल आणि फायदा साधारण 2 लाख कोटी डॉलर, म्हणजे जवळपास 30 पट, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा टळलेल्या अकाली मृत्यूंचा. जिवाची किंमत डॉलरमधे लावणं मला व्यक्तिशः आवडत नाही, पण लावली नाही तर बजेटमधे ती शून्य धरतात हेही खरं.

लंडनचं उदाहरण सगळेच देतात, 1952 चं ते विषारी धुकं, तेव्हा 4,000 मृत्यू धरले होते, पुढच्या अभ्यासात आकडा 12,000 पर्यंत गेला. त्यानंतर आलेला 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा पण सगळ्यांना माहीत असतो. त्यात एक तरतूद होती तिच्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. धूरबंदीच्या भागात घरातली कोळशाची शेगडी बदलायची तर त्या खर्चाचा मोठा भाग सरकार आणि नगरपालिका मिळून देणार. माझ्या मते ही तरतूद नसती तर नुसत्या बंदीला लोकांनी जुमानलं नसतं.

आता दोन खाती एकमेकांशी बोलली नाहीत तर काय होतं ते. युरोपात कार्बन कमी करायचा म्हणून डिझेल गाड्यांना झुकतं माप दिलं, ब्रिटनमधे 2001 पासून गाडीचा कर कार्बनच्या प्रमाणात लावला, डिझेल त्यात बरं बसायचं कारण किलोमीटरमागे कार्बन कमी. पण नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी जास्त, ती कुणी मोजायची? 2012 मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं डिझेलचा धूर माणसात कॅन्सर करणारा म्हणून जाहीर केला, आणि मग ज्या लोकांनी सरकारचं ऐकून गाडी घेतली त्यांनाच शहरात शिरायला पैसे मोजायची वेळ आली. लोकांचा विश्वास उडतो तो अशानं.

याची उलटी बाजू बांगलादेशात दिसली, आणि ती जास्त वाईट. तळी-नद्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबानं मरायची म्हणून 1970 च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीनं कूपनलिका खोदल्या, हेतू शंभर टक्के चांगला, जंतूंचा प्रश्न बराच सुटलाही. पण जमिनीच्या वरच्या थरांतल्या पाण्यात नैसर्गिकरीत्या आर्सेनिक होतं आणि त्या काळी पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक बघतच नसत. 1993 मधे तिथे ते सापडलं. तोवर लोक वर्षानुवर्षं तेच पाणी पीत होते, अंगावर डाग, तळहात कडक होणं, पुढे कॅन्सर. मग लाखो नळ तपासून लाल-हिरवे रंगवले, लाल म्हणजे प्यायचं नाही. आरोग्याच्या योजनेत भूगर्भाची माहिती असणारा माणूस सुरुवातीलाच बसवला असता तर हे सगळं नाही तरी बरंच टळलं असतं.

आणि जमलेलं उदाहरण पण आहे, पेट्रोलमधलं शिसं. अमेरिकेत 1976 ते 1980 मधे लोकांच्या रक्ताची देशव्यापी तपासणी चालू होती, त्याच काळात पेट्रोलमधलं शिसं कमी होत होतं, आणि रक्तातलं शिसं सरासरी 37 टक्क्यांनी उतरलेलं निघालं. त्याआधी कंपन्या म्हणायच्या पेट्रोलचा काय संबंध. हा आकडा आल्यावर त्या वादात फार दम राहिला नाही आणि 1985 मधे मर्यादा आणखी कडक झाली. शेवटचा देश अल्जीरिया, 2021 मधे तिथेही हे पेट्रोल बंद झालं. हवेतला आकडा लोकांना परका वाटतो, पोराच्या रक्तातला नाही वाटत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पर्यावरणाचा कुठलाही राष्ट्रीय आराखडा आरोग्य खात्याच्या सहीशिवाय मंजूर होऊ नये, आणि सही म्हणजे शिक्का नव्हे, त्यांना नाही म्हणायचा अधिकार पाहिजे. टार्गेट आजाराच्या भाषेत असावं, दम्याचे किती पेशंट, शिशाचं प्रमाण किती, उष्माघाताचे किती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मधे पीएम 2.5 ची, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 10 वरून 5 मायक्रोग्रॅमवर आणली, ती गाठायला दशकं लागतील मान्य, पण वाटेत माणसांची तब्येत सुधारतेय का हे दरवर्षी कळलं पाहिजे. आणि पैशाचं म्हणाल तर आरोग्याची जी बचत होणार तिचा अंदाज आधीच काढून त्यातला वाटा खर्च करणाऱ्या खात्याला द्या, नाहीतर तो ऊर्जा मंत्री कशाला हात घालेल. अवघड आहे, अर्थ खात्याला असलं आवडत नाही, पण अशक्य नाही.

तुम्हाला एक विनंती. रोज हवामानाचा चौकोन छापता आणि त्यात हवेचा निर्देशांकही देता, तर त्याच्याच शेजारी आठवड्यातून एकदा सरकारी दवाखान्यांत श्वसनाच्या त्रासानं दाखल झालेल्या पेशंटचा आकडा पण छापा. मिळत नसेल तर 'आकडा मिळाला नाही' असं छापा, दर आठवड्याला.

आपला,
एक वाचक