खेळाडूंचे मैदानाबाहेरचे वर्तन आणि आपली मंडळे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हंगामात आमच्या भागातील एका टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेच्या बक्षीस समारंभात ज्या खेळाडूचा शाल, श्रीफळ आणि रोख रक्कम देऊन सत्कार करण्यात आला, त्याच्याविरुद्ध त्याच्या पत्नीने मारहाणीची तक्रार दिलेली असून ते प्रकरण न्यायालयात आहे, ही गोष्ट व्यासपीठावरील प्रत्येकाला ठाऊक होती. तक्रार देणाऱ्या त्या बाईचा सख्खा भाऊ त्याच स्पर्धेत दुसऱ्या संघाकडून खेळत होता आणि सत्कार चालू असताना तो आपल्या संघाच्या रांगेत उभा होता. नंतर काही पालकांनी आयोजकांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘खेळ वेगळा आणि घरची भानगड वेगळी.’ हायस्कूलमध्ये अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवलेली आणि मुलामुलींचे संघ घेऊन तालुकाभर फिरलेली शिक्षिका या नात्याने मला हे उत्तर मुळीच मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात होणाऱ्या कोणत्याही स्पर्धेचे पत्रक उघडून पाहावे. प्रवेश फी, आधार कार्डाची प्रत, संघाला मैदानात हजर राहण्याची वेळ, शिवीगाळ केल्यास संघ बाद, आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’. म्हणजे शिस्त कशी लावायची हे आपल्या मंडळांना कळत नाही, असे अजिबात नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या उपांत्य लढतीनंतर शिवराज राक्षे याने पंचांना लाथ मारली आणि अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड याने पंचांशी वाद घालून मैदान सोडले, तेव्हा दोघांवरही तीन वर्षांची बंदी जाहीर व्हायला वेळ लागला नाही. पंचांचा मान राखलाच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु भर मैदानात पंचाला लाथ मारली तर तीन वर्षे बाहेर, आणि घरी बायकोला मारले तर शाल-श्रीफळ, हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो, हे आयोजकांनी एकदा समजावून सांगावे.

कुस्तीच्या बाबतीत तर मैदान कोठे संपते आणि मैदानाबाहेरचे जग कोठे सुरू होते, हे सांगणेच अवघड आहे. आपल्याकडची तेरा-चौदा वर्षांची कितीतरी मुले दरवर्षी कोल्हापूरच्या तालमींत राहायला जातात, काही इथल्याच तालमींत राहतात. त्यांची झोप, खुराक, मेहनत आणि जोर-बैठका सगळे एकाच छपराखाली होते आणि थोरल्या पैलवानांची सेवा हा शिक्षणाचाच भाग समजला जातो. अशा ठिकाणी थोरल्याच्या वागण्यावर कोणाचा अंकुश नसेल तर धाकट्यांनी जायचे कोणाकडे? बीजिंगमध्ये कांस्य आणि लंडनमध्ये रौप्य अशी दोन ऑलिम्पिक पदके मिळवणारा सुशील कुमार आज एका तरुण मल्लाच्या खुनाच्या आरोपाखाली खटल्याला सामोरा जात आहे. 4 मे 2021 च्या रात्री ती मारहाण झाली ती दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये, म्हणजे जेथे शेकडो मुले त्याच्याकडे पाहून कुस्ती शिकत होती तेथेच, आणि त्या स्टेडियममध्ये तो अधिकारी म्हणून काम पाहत होता. आरोप सिद्ध झाला की नाही हे न्यायालय सांगेल, परंतु एवढ्या मोठ्या नावाचा दरारा असलेल्या जागेत एखाद्या होतकरू मल्लाने तक्रार करायची ठरवली असती तर ती ऐकून घेणारे कोण होते, हा प्रश्न निकालाची वाट पाहत थांबत नाही.

खेळाडूच्या खासगी आयुष्यात मंडळाने डोकावू नये, हा विचार आपल्या परंपरेतलाही नाही. जुने वस्ताद पठ्ठ्याच्या खाण्यापिण्यापासून संगतीपर्यंत सगळ्यावर नजर ठेवत असत. दारूचा वास आला किंवा रात्री मुलगा तालमीबाहेर राहिला तर त्याची वळकटी दुसऱ्या दिवशी दाराबाहेर असे आणि ‘लंगोटाचा सच्चा’ ही पैलवानाची सर्वांत मोठी ओळख मानली जाई. एक उणीव मात्र त्या शिस्तीत होती आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पैलवानाच्या शरीराचे नुकसान कशाने होते यावर वस्तादांचे बारीक लक्ष असे, पण पैलवानामुळे दुसऱ्या कोणाचे नुकसान होते आहे का, याकडे तितके नसे. ती उणीव भरून काढणे हे आताच्या पिढीचे काम आहे, आणि त्यासाठी परंपरा मोडण्याची गरज नाही.

प्रत्यक्षात काय घडते, याचे मी जवळून पाहिलेले एक उदाहरण सांगते. कबड्डीचा सराव करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीला तिच्याच क्लबमधील एक ज्येष्ठ खेळाडू रात्री-अपरात्री फोनवर घाणेरडे संदेश पाठवत असे. मुलीने धीर करून ते संदेश आईला दाखवले आणि आई-वडील क्लबच्या पदाधिकाऱ्यांकडे गेले. बैठक बसली, चहा झाला. मुलगा राज्य पातळीवर खेळलेला आहे, क्रीडा कोट्यातून त्याच्या नोकरीचे चालले आहे, पोलिसांत गेलात तर मुलीचेही नाव चार ठिकाणी होईल, असे सगळे सांगून झाल्यावर त्या खेळाडूला मुलीच्या वडिलांच्या पाया पडायला लावले आणि प्रकरण मिटवल्याचे जाहीर झाले. मुलीला त्या बैठकीत बोलावलेच नव्हते. दुसऱ्या आठवड्यात तो खेळाडू नेहमीसारखा सरावाला आला. ती आली नाही, आणि पुढे तिने खेळ कायमचा सोडला. तिची चढाई पाहिलेल्या माणसाला क्लबने त्या दिवशी काय गमावले हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्या सीमाभागात या झाकपाकीला आणखी एक कारण आहे आणि त्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. अल्पसंख्य म्हणून राहताना आपल्या मुलाने मैदान मारले की सगळ्या मराठी समाजाची मान उंचावते, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणूनच तोच मुलगा काही वावगे वागला की ‘आपल्याच माणसाची बदनामी आपणच कशाला करायची, बाहेरच्यांना आयते कोलीत कशाला द्यायचे’ असे म्हणत सगळे एकत्र येतात. परंतु जिच्यावर अन्याय झाला तीही मराठीच असते, आपल्याच गल्लीतली असते. समाजाच्या प्रतिष्ठेचा भार नेमका तिनेच एकटीने वाहावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करतो? त्यात पोलिस ठाण्यातले कागद कन्नडमध्ये. काय लिहिले आहे हे वाचता येत नसल्याने बिचारे पालक सही करायला कचरतात आणि मंडळाच्या बैठकीलाच न्यायालय समजून बसतात.

मोठ्या संस्थांचे वागणे आदर्श आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील बाल्टिमोर रेव्हन्स या फुटबॉल संघाच्या रे राइस या खेळाडूने फेब्रुवारी 2014 मध्ये एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये आपल्या वाग्दत्त वधूला मारले. बेशुद्ध पडलेल्या त्या स्त्रीला तो लिफ्टमधून ओढत बाहेर काढत असल्याचे चित्रीकरण जगाने पाहिले होते, तरी लीगने बंदी घातली ती फक्त दोन सामन्यांची. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतले चित्रीकरण बाहेर आले आणि त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले. गुन्हा तोच होता. बदलले होते ते एवढेच की आता सगळ्यांनी ठोसा डोळ्यांनी पाहिला होता. आपल्याकडे 2019 च्या जानेवारीत हार्दिक पंड्या आणि आपल्या कर्नाटकचा के. एल. राहुल यांनी एका टीव्ही कार्यक्रमात स्त्रियांविषयी केलेल्या वक्तव्यांवरून गदारोळ झाला, तेव्हा क्रिकेट मंडळाने दोघांना ऑस्ट्रेलियाहून परत बोलावले, दोन आठवड्यांच्या आत निलंबन उठवले आणि एप्रिलमध्ये मंडळाच्याच लोकपालांनी प्रत्येकी वीस लाख रुपये दंड केला. उलट साक्षी मलिक, विनेश फोगाट यांच्यासारख्या नामवंत मल्लांना कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धची तक्रार ऐकली जावी म्हणून 2023 मध्ये जंतरमंतरवर बसावे लागले आणि गुन्हा नोंदला गेला तो प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. ऑलिम्पिक पदक गळ्यात असलेल्या मुलीची ही गत असेल, तर खानापूरच्या एखाद्या खेड्यातून सरावाला येणाऱ्या नववीतल्या मुलीने काय करावे?

‘आरोप खोटा निघाला तर त्या मुलाच्या आयुष्याचे काय?’ असे मला नेहमी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देता कामा नये. श्रीलंकेचा दनुष्का गुणतिलका याला नोव्हेंबर 2022 मध्ये विश्वचषकाच्या काळात सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली. त्याच्या मंडळाने त्याला ताबडतोब निलंबित केले, सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि त्यानंतरच्याच महिन्यात मंडळाने बंदी उठवली. मला हीच रीत योग्य वाटते. निलंबन म्हणजे दोषी ठरवणे नव्हे. तक्रारदार आणि साक्षीदार यांच्यावर त्या खेळाडूच्या नावाचे आणि सहकाऱ्यांचे दडपण येऊ नये म्हणून काही काळ ठेवलेले ते अंतर आहे. उलट बाजूने पाहायचे तर इंग्लंडच्या बेन स्टोक्सचे प्रकरण आहे. 2017 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यावर झालेल्या हाणामारीच्या खटल्यातून तो ऑगस्ट 2018 मध्ये निर्दोष सुटला, तरीही खेळाची अप्रतिष्ठा केल्याबद्दल शिस्त आयोगाने त्याला आठ सामन्यांची बंदी आणि तीस हजार पौंड दंड केला. बंदीचे सामने त्याने आधीच गमावलेल्या सामन्यांत धरले गेले, हे खरे. परंतु कायद्याने गुन्हा ठरला नाही म्हणजे क्लबच्या नियमांचाही भंग झाला नाही, असे होत नाही, एवढे त्यातून दिसते.

आता कायद्याचे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला आळा घालणाऱ्या 2013 च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येतच क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट समावेश आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे आणि तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि तेथे तडजोडीला जागाच नाही. अशा गुन्ह्याची माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत ती दडवली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तालमीच्या ओसरीवर बसून अल्पवयीन मुलाचे वा मुलीचे असे प्रकरण मिटवणारे पंच स्वतःच गुन्हा करत असतात, हे किती वस्तादांना आणि अध्यक्षांना माहीत आहे?

माझी मागणी मोठी नाही. पत्रकावर जेथे पंचांच्या निर्णयाचा नियम छापला जातो, त्याच्याच खाली आणखी एक नियम मराठीत आणि कन्नडमध्ये छापावा. ज्या खेळाडूविरुद्ध मारहाण, लैंगिक छळ किंवा अत्याचाराचा गुन्हा नोंदला गेला आहे, त्याला प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत संघाचे कर्णधारपद, लहान मुलांचे प्रशिक्षण आणि सत्कार यांपासून दूर ठेवले जाईल, एवढाच. तो कितीही चांगला खेळत असो, अंतिम सामना उद्यावर आलेला असो, नियम तोच राहावा. नियम आधी लिहिलेला असला की ऐनवेळी चेहरा पाहून निर्णय घ्यावा लागत नाही आणि आरोप झालेल्या खेळाडूलाही आपल्यावर सूड उगवला जात आहे असे म्हणता येत नाही. त्याचा खुराक बंद करा किंवा त्याला वाळीत टाका असे मी म्हणत नाही. क्लबच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसांत निदान एक स्त्री असावी आणि ती पदाधिकाऱ्याच्या घरातली नसावी. तक्रारदाराबरोबर पोलिस ठाण्यात कन्नड वाचता येणारे कोणीतरी जावे. तक्रारदाराला प्रथम माहिती अहवालाची प्रत मोफत मिळते आणि उत्पन्न कितीही असले तरी स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेही त्या माणसाला माहीत असावे. रोख बक्षिसे पुरस्कृत करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी आणि व्यापाऱ्यांनी पावती फाडण्यापूर्वी हा नियम आहे का, एवढे विचारले तरी निम्मे काम होईल.

आपल्या वृत्तपत्रात कुस्ती मैदानांच्या आणि स्पर्धांच्या बातम्या सविस्तर येतात आणि गावोगावचे पदाधिकारी त्या कापून जपून ठेवतात. त्याच क्रीडा पानावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि दूरध्वनी, तसेच मुलांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ठळकपणे छापावा, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव